हिरोशिमा : हिशेब आणि संकल्प

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी हिरोशिमासारखा दाहक विषय का निवडला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. अहिंसेची महती आपण एकमेकांना नेहमी सांगतो. परंतु ती सांगताना उदाहरणे बहुधा सोपी घेतो. पाणी गाळून पिणे, रात्रिभोजनत्याग, पांजरपोळ, जीवदया ही आपल्या आचाराची भूषणेच आहेत. तथापि कोणत्याही तत्त्वाची कसोटी अवघड उदाहरणावर लागते. लाखो लोकांचे प्राण वाचविण्यासाठी लाखभर निरपराध माणसांना जाळणे कधी न्याय्य ठरू शकते काय, हे असेच एक उदाहरण आहे. १९४५ च्या ऑगस्टपासून इतिहासकार, तत्त्वज्ञ, सैनिक आणि शास्त्रज्ञ या प्रश्नावर वाद घालीत आले आहेत. आपण अनेकान्ताचे वारसदार आहोत. म्हणून प्रथम दोन्ही पक्ष त्यांच्या पूर्ण बळानिशी ऐकू आणि नंतर निर्णयाकडे वळू.

आधी घटना पाहू. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता 'एनोला गे' नावाच्या अमेरिकन बी-२९ विमानाने जपानमधील हिरोशिमा शहरावर युरेनियमचा बॉम्ब टाकला. जमिनीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर त्याचा स्फोट झाला. नेम धरला होता शहराच्या मध्यभागी असलेल्या आयोई पुलावर. स्फोट झाला तो जवळच्या एका रुग्णालयाच्या माथ्यावर. त्या सकाळी हजारो शाळकरी मुले-मुली उघड्यावर काम करीत होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामाला त्यांना जुंपले होते. वर्षअखेरीपर्यंत मृतांची संख्या १ लाख ४० हजारांच्या आसपास गेली. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, प्लुटोनियमचा दुसरा बॉम्ब टाकण्यात आला. ते विमान वस्तुतः कोकुरा शहरासाठी निघाले होते. तेथे लक्ष्य दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. कोकुरा वाचले आणि नागासाकीत वर्षअखेरीपर्यंत सुमारे ७० हजार माणसे दगावली. मृतांमध्ये जपानी होते, तसेच मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियनही होते. जे वाचले, त्यांपैकी अनेकांना किरणोत्साराने पुढे कित्येक वर्षे रक्ताच्या व इतर कर्करोगांनी ग्रासले. जपानमध्ये त्यांना 'हिबाकुशा' म्हणतात. १५ ऑगस्टला सम्राट हिरोहितो यांनी नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली.

आता बॉम्ब टाकणाऱ्यांची बाजू ऐकू. ती दुर्बल नाही. एप्रिल ते जून १९४५ या काळात ओकिनावा बेटाच्या लढाईत अमेरिकेचे बारा हजारांहून अधिक सैनिक पडले आणि त्याच्या कितीतरी पट जपानी सैनिक व स्थानिक रहिवासी मेले. जपानचे तरुण वैमानिक स्फोटकांनी भरलेली विमाने घेऊन शत्रूच्या जहाजांवर आपटून घेत होते. १ नोव्हेंबरला जपानच्या क्युशू बेटावर सैन्य उतरविण्याची योजना तयार होती. तेथे काय घडेल याचे चित्र ओकिनावाने दाखविलेच होते. शिवाय युद्ध चालू राहिलेला प्रत्येक दिवस चीन, फिलिपाईन्स, इंडोनेशिया येथील जपानच्या ताब्यातील प्रजेसाठी मरणाचा दिवस होता. एकट्या मनिला शहरात १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे एक लाख नागरिक मारले गेले. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर कैद झालेले हजारो भारतीय सैनिकही जपानच्या हाती होते. त्यांच्या घरच्यांना युद्ध लवकर संपावे असे वाटले असेल, तर त्यांना कोण दोष देईल?

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या बॉम्बची वार्ता आल्यानंतरही जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी कोंडी होती. ती सम्राटांच्या हस्तक्षेपाने फुटली. म्हणून, एवढा आघात झाला नसता तर जपान नमलेच नसते, असे हा पक्ष म्हणतो. पॉल फसेल या अमेरिकन लेखकाने १९८१ साली एका गाजलेल्या निबंधात हीच बाजू मांडली. तरुणपणी तो पायदळातील अधिकारी होता आणि जपानवरील स्वारीत त्याला जावे लागणार होते. ज्यांना मरायला जायचे नव्हते, त्यांनी बॉम्बवर टीका करणे सोपे आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. ही टीका आपल्यासारख्या सुरक्षित सभागृहात बसणाऱ्यांनाही लागू पडते.

दुसरा पक्ष म्हणतो की हा हिशेबच चुकीचा मांडला आहे. बॉम्ब किंवा स्वारी, एवढे दोनच मार्ग नव्हते. जपानचे नौदल व विमानदल जवळजवळ संपले होते आणि समुद्रमार्गे होणारा पुरवठा तुटला होता. मॉस्कोमार्फत तडजोडीची चाचपणी जपान करीत होता आणि त्याचे गुप्त संदेश अमेरिका वाचत होती. जपानी मनाला सर्वांत मोठा काटा होता सम्राटपदाच्या भवितव्याचा; परंतु २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात त्याविषयी आश्वासन दिले गेले नाही. पुढे शरणागती आली, तेव्हा सम्राटपद राहिलेच! ८ ऑगस्टला सोव्हिएत रशियाने युद्ध पुकारले, त्याचा धक्काही बॉम्बइतकाच किंवा अधिक होता असे अनेक इतिहासकार मानतात. अमेरिकेच्या हवाई हल्ल्यांचा आढावा घेणाऱ्या सरकारी मंडळाने १९४६ साली असा निष्कर्ष काढला की, अणुबॉम्ब, रशियाचा प्रवेश वा स्वारी यांपैकी काहीही नसते तरी जपान १९४५ संपण्यापूर्वी शरण आला असता. या निष्कर्षावरही पुढे आक्षेप घेतले गेले.

आकड्यांचेही तसेच. १९४७ साली माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी लिहिले की, स्वारीत एकट्या अमेरिकेच्या सैन्यात मृत व जखमी मिळून दहा लाखांहून अधिक हानी झाली असती, असे त्यांना सांगण्यात आले होते. उलट जून १९४५ मधील एका लष्करी नियोजनात अमेरिकन मृतांचा अंदाज सुमारे ४० हजार होता. आणि जुलैमधील दुसऱ्या एका टिपणात तो चार ते आठ लाख होता. म्हणजे ज्या तराजूत लाखभर जीव तोलले गेले, त्याच्या दुसऱ्या पारड्यातील वजन कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते.

येथे बहुतेक चर्चा थांबते. एकाने म्हणावे, बॉम्बमुळे अधिक जीव वाचले. दुसऱ्याने म्हणावे, वाचले नाहीत. परंतु समजा, पहिल्या पक्षाचा हिशेब तंतोतंत खरा आहे. तर मग प्रश्न सुटला काय?

या ठिकाणी आपल्या आचार्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात आचार्य अमृतचंद्रांनी हजार वर्षांपूर्वी नेमका हाच युक्तिवाद विचारात घेतला आहे. एका हिंस्र प्राण्याला मारले की अनेकांचे रक्षण होते, म्हणून त्याला मारावे, असे कोणी म्हणेल. परंतु असे मानून हिंसा करू नये, असा त्यांचा उपदेश आहे. ध्यानात घ्या, आचार्य येथे हिंस्र प्राण्याविषयी बोलत आहेत. जेथे हिंस्र प्राण्यालाही असा हिशेब लावायचा नाही, तेथे पुलाजवळ घरे पाडणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला तो कसा लावायचा?

यावर कोणी म्हणेल, हा तर साधूंचा धर्म झाला. राज्य चालविणाऱ्याने काय करावे? प्रश्न रास्त आहे आणि आपल्या परंपरेने तो टाळलेला नाही. श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वयंपाकपाण्यात, शेतीव्यापारात जी हिंसा घडते ती गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. आक्रमकाचा प्रतिकार करताना घडणारी विरोधी हिंसाही गृहस्थाच्या व राजाच्या वाट्याला येऊ शकते. निःसंदिग्ध त्याग सांगितला आहे तो संकल्पी हिंसेचा, म्हणजे जाणूनबुजून, मारण्याच्याच हेतूने केलेल्या हिंसेचा. म्हणून जपानी आक्रमणाशी लढणारा सैनिक आणि झोपलेल्या शहरावर आग ओतण्याचा निर्णय यांत आपली परंपरा भेद करते.

मग हिरोशिमा कोणत्या प्रकारात मोडते? याचे उत्तर निर्णय घेणाऱ्यांच्याच कागदपत्रांत आहे. ३१ मे १९४५ रोजी स्टिमसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीची बैठक झाली. तिच्या इतिवृत्तात नोंद आहे की, जपानला पूर्वसूचना देता येणार नाही. केवळ नागरी वस्तीवर रोख ठेवता येणार नाही. परंतु जास्तीत जास्त रहिवाशांच्या मनावर खोल परिणाम झाला पाहिजे. आणि त्यापुढे, सर्वांत योग्य लक्ष्य म्हणजे पुष्कळ कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धोपयोगी कारखाना. बंधू-भगिनींनो, या वाक्यातील घरे कारखान्याशेजारी योगायोगाने आलेली नाहीत. ती लक्ष्याच्या वर्णनातच आहेत. हिरोशिमात सैन्याचे मोठे ठाणे होते हे खरे. परंतु बॉम्बचा नेम शहराच्या हृदयावर होता. त्या माणसांचे मरण हे साध्याच्या वाटेवर घडलेले अनिष्ट नव्हते, ते साधनच होते.

पाश्चात्त्य जगातही हा भेद ओळखणारे होते. १९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले, तेव्हा एलिझाबेथ अँस्कम या तरुण तत्त्वचिंतक विदुषीने जाहीर विरोध केला. त्या शांततावादी नव्हत्या. युद्धात शत्रुसैनिकाला मारणे त्यांना अमान्य नव्हते. परंतु आपल्या हेतूसाठी निरपराधांना ठार मारणे निवडणे म्हणजे खूनच, मग हेतू कितीही उदात्त असो, असे त्यांनी मांडले. बिनशर्त शरणागतीच्या हट्टामुळेच दुसरे मार्ग बंद झाले, हेही त्यांनी दाखविले. पदवी दिली गेलीच. पण त्यांचा युक्तिवाद आजही अभ्यासला जातो.

आपल्या पुराणातील भरत-बाहुबलींची कथा आपणा सर्वांना ज्ञात आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असता मंत्र्यांनी विचार केला की, दोघा भावांच्या वादात या असंख्य सैनिकांनी का मरावे? दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध असा निर्णय झाला. तिन्हींत भरत हरला आणि क्रोधाने त्याने चक्ररत्न सोडले. त्या चक्राने बाहुबलींना इजा केली नाही; परंतु ज्याच्याजवळ अजिंक्य शस्त्र असते, त्याला मर्यादा पाळणे किती जड जाते, हे भरतासारख्या पुण्यपुरुषाच्या उदाहरणावरूनही दिसते. आधुनिक युद्धाने मंत्र्यांचा तो विवेक उलटा केला आहे : सैन्य वाचविण्यासाठी प्रजा मारायची.

ही उलथापालथ एका दिवसात झाली नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युरोपातील राष्ट्रांना आवाहन केले होते की, नागरी वस्तीवर आकाशातून बॉम्ब टाकू नयेत. त्यानंतर वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन ही शहरे एकामागून एक जळाली. चीनमधील शहरांवर जपान त्याआधीपासूनच बॉम्ब टाकीत होता. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगलावे बॉम्ब टाकून अमेरिकेने सुमारे एक लाख माणसे मारली. हिरोशिमा घडले तेव्हा मर्यादा ओलांडण्यासारखी उरलीच नव्हती. म्हणूनच कित्येकांना त्या निर्णयात वेगळे असे काही वाटलेही नाही. 'तत्त्वार्थसूत्रा'ने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला आधी स्थान दिले आहे, ते किती मार्मिक आहे! प्राणघाताच्या आधी मनाची सावधानता मरते.

आता जबाबदारीचा विचार करू. कृत, कारित आणि अनुमोदना, म्हणजे स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केल्याला संमती देणे, या तिन्हींनी कर्मबंध होतो असे आपण मानतो. अणुबॉम्बच्या इतिहासात हे तिन्ही दिसतात. वैमानिक म्हणाला, मी आज्ञा पाळली. शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाला विचारले गेले की, निर्जन जागी स्फोट दाखवून भागेल काय. त्यांनी उत्तर दिले की, असे प्रात्यक्षिक युद्ध संपवील असे वाटत नाही, आणि राजकीय वा लष्करी प्रश्नांत आम्ही विशेष अधिकारी नाही. मंत्र्यांनी तज्ज्ञांचा हवाला दिला. प्रत्येकाला निर्णय दुसऱ्या खोलीत होत आहे असे वाटत होते. एकाने केलेल्या हिंसेचे फळ अनेकांना भोगावे लागते आणि अनेकांनी केलेल्या हिंसेचे फळ एकालाही, असे अमृतचंद्राचार्य म्हणतात. त्याचा अर्थ या खोल्यांमधून फिरताना उमगतो.

आणि तरीही, वेगळे वागता येत होते, हे दाखविणारी माणसेही तेथेच होती. जोसेफ रॉटब्लॅट या शास्त्रज्ञाला १९४४ च्या अखेरीस कळले की, जर्मनी बॉम्ब बनवीत नाही. त्याच्या भयानेच तो या कामात आला होता, म्हणून तो काम सोडून निघून गेला. पुढे १९९५ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जून १९४५ मध्ये जेम्स फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटात वा ओसाड बेटावर प्रात्यक्षिक दाखवावे असा अहवाल दिला. जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांच्या विनंतीपत्रावर सत्तर शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. ते पत्र राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचलेच नाही. नौदल खात्यातील राल्फ बार्ड यांनी पूर्वसूचना द्यावी असे लेखी कळविले. स्वतः स्टिमसन यांनी क्योटो हे प्राचीन नगर लक्ष्यांच्या यादीतून हट्टाने काढविले. म्हणजे मनात आणले तर एक शहर वाचविता येत होते! आणि ट्रुमन? १० ऑगस्टला त्यांनी आपल्या आज्ञेवाचून पुढील बॉम्ब टाकण्यास मनाई केली. आणखी एक लाख माणसे, ती सारी मुले, हा विचार त्यांना असह्य झाला, अशी नोंद त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांच्या दैनंदिनीत आहे. हिशेब मांडणाऱ्यालाही अखेर हिशेब पुरेसा वाटला नाही.

हा वाद परक्यांचा म्हणून आपल्याला बाजूला ठेवता येणार नाही. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात १९४८ साली आपल्या देशाचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी भिन्नमतपत्रिकेत अणुबॉम्बच्या निर्णयावर कठोर बोट ठेवले. १९९५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे अण्वस्त्रांचा वापर बेकायदा आहे अशी भूमिका भारताने मांडली. १९९६ च्या सल्लामतात न्यायालयाने म्हटले की, असा वापर सामान्यतः कायद्याच्या विरुद्ध आहे. परंतु राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता काय, याचा निर्णय त्याला करता आला नाही. आणि मे १९९८ मध्ये पोखरणला आपल्याच देशाने चाचण्या केल्या. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केल्या. दोन्हीकडे रस्त्यांवर मिठाई वाटली गेली.

देशाने अण्वस्त्रे ठेवावीत की नाहीत, हा निर्णय मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. शेजारी अण्वस्त्रधारी असताना राज्यकर्त्यांपुढील अडचण खरी आहे आणि ती नाकारणे हा एकान्तवाद होईल. प्रथम वापर करणार नाही, हे भारताचे घोषित धोरण आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्याच धोरणात असेही आहे की, आपल्यावर असा हल्ला झाल्यास प्रत्युत्तर प्रचंड असेल. ते प्रत्युत्तर कोणावर पडेल? पुन्हा कोणत्यातरी पुलाजवळ काम करणाऱ्या मुलांवरच. शत्रूला धाक बसावा म्हणून हे बोलले जाते, हे मान्य; पण ज्याला धाक म्हणायचे, तो संकल्प मनात तयार ठेवावाच लागतो. ही आजची खरी अवघड जागा आहे आणि तिच्यावर सोपे उत्तर कोणाजवळ नाही. जगात आज बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत.

मग आपल्यासारख्या सामान्य श्रावकाच्या हाती काय उरते? उरते ती अनुमोदना. बॉम्ब करणे आपल्या हाती नाही, टाकणे आपल्या हाती नाही. पण त्याला मनाने 'हो' म्हणणे वा न म्हणणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. सीमेवर तणाव वाढला की चौकात, कट्ट्यावर, दूरध्वनीवरील संदेशांत 'एकदाचे त्यांचे शहरच उडवून द्या' अशी वाक्ये सहज उमटतात. ती बोलणारी माणसे दुष्ट नसतात. संध्याकाळी तीच मंदिरात दर्शनाला येतात. सैनिकाच्या शौर्याचा आदर करावा, देशाचे रक्षण व्हावे असे म्हणावे; त्यात धर्माला बाधा नाही. परंतु निरपराधांच्या मरणाची मागणी आपल्या मुखातून निघू नये आणि दुसऱ्याने केली तर आपण मौन धरू नये. मौनही संमतीसारखेच ऐकू येते.

हिबाकुशांनी हेच केले. १९५६ साली त्यांनी आपली संघटना स्थापन केली आणि सूडाची मागणी न करता, हे पुन्हा कोणाच्याही वाट्याला येऊ नये, एवढेच मागणे जगापुढे मांडीत राहिले. २०२४ साली त्यांच्या 'निहोन हिदान्क्यो' या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले होते. आपण ज्याला क्षमाभाव म्हणतो, त्याचे इतके उज्ज्वल उदाहरण आपल्या काळात क्वचितच सापडेल.

या वर्षीच्या क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागू, तेव्हा केलेल्या व करविलेल्या हिंसेबरोबर अनुमोदिलेल्या हिंसेचाही शब्द उच्चारू. तो शब्द उच्चारताना क्षणभर थांबावे आणि आपण कोणकोणत्या हिशेबांना मान डोलाविली, याचे स्मरण करावे, एवढी विनंती.